सगळंच ठळक केलं तर दिसणार काय?

तिरकी_रेघ: काल इथे वेबपानांच्या मांडणीबद्दल कोणीतरी सल्ला दिला: 'लोक पान वाचत नाहीत, चाळतात. म्हणून महत्त्वाचं ते सगळं ठळक, लाल, मोठं करा.' अहो, चाळतात म्हणूनच करायचं नाही! नजर फरक टिपते. परिच्छेदात एक शब्द ठळक असला तर तो दिसतो. नऊ केले की उरलेले साधे शब्दच उठून दिसतात. एका अर्जाची शेवटची तारीख मी अशीच चुकवली. तारीख लाल होती. पण सूचनाही लाल, शुल्कही लाल आणि 'नवीन' तर लाल असून वर लुकलुकणारं.

कालचाच: तो 'कोणीतरी' मी. तारीख तुम्ही वाचली नाहीत आणि दोष रंगाचा? साधं ठेवून मोकळी जागा सोडली की पान करून घेणारा ग्राहक विचारतो, 'पान रिकामं का?' पैसे तो देतो, तुम्ही नाही. आणि लुकलुकण्याचं मी कुठे म्हणालो? फायरफॉक्स ब्राउझरने अक्षरं लुकलुकवणारा ब्लिंक टॅग २०१३ मध्येच काढला.

लाल_की_हिरवा: मला हे दोन रंग धड वेगळे कळत नाहीत. चुकलेल्या रकान्याला नुसती लाल कड होती. मी तोच अर्ज चार वेळा पाठवला. शेजारी 'इथे चूक आहे' एवढं लिहायला काय जातं? शिवाय पांढऱ्यावर भडक लाल म्हणजे कॉन्ट्रास्ट, अक्षर आणि मागच्या रंगातला उजेडाचा फरक, जेमतेम ४:१. वेबपान सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी नियमावलीच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी ४.५:१ लागतो. म्हणजे ओरडायचं, तेही घसा बसलेल्या आवाजात.

उकारप्रेमी: रंगाचं राहू द्या, अधोरेखेचं बोला. मराठी शब्दाखाली रेघ मारली की ती उकारातून जाते. 'सुत' की 'सूत', ओळखा आता!

कालचाच: ब्राउझर आता उकारापाशी रेघ तोडतात. जुनं रडगाणं.

उकारप्रेमी: तोडतात, आणि रेघेचे तुकडे होतात. ऑफसेट, म्हणजे अक्षर आणि रेघेतलं अंतर, वाढवून ती खाली ढकलायला कोणी शिकवलं नाही वाटतं? आणि तुमचं इटॅलिक! बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये तिरपा साचा नसतो, मग ब्राउझर अक्षरं नुसती ढकलून तिरकी करतो. वाऱ्यात सापडल्यासारखी दिसतात. त्यात हौसेने अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेषेचे तुकडे.

तिरकी_रेघ: माझ्या नावावर घसरू नका.

उकारप्रेमी: नाव तुम्हीच ठेवलंत. इंग्रजीत कॅपिटल आहेत, इटॅलिक आहे. आपल्याकडे आकार, अक्षराची जाडी आणि जागा एवढंच हाताशी. तेच उधळायचं?

कालचाच: विषय काय, चाललंय काय! अधोरेखा मी मागितलीच नव्हती.

लाल_की_हिरवा: लिंकला तरी ठेवा. लिंक ओळखायला तुमच्या नुसत्या निळ्या रंगावर सगळ्यांनी भिस्त का ठेवायची?

कालचाच: बरं बाबांनो. लाल काढतो, रकान्याशेजारी चूक शब्दांत लिहितो, ठळक फक्त तारीख ठेवतो. ग्राहकाचा फोन आला की रेघवाल्यांकडे वळवतो.

तिरकी_रेघ: वळवा. तारीख तरी दिसेल त्याला.

उकारप्रेमी: आणि ऑफसेट?