दिवाळीची साखर, पोत्यातली की पाकिटातली?

सेक्रेटरी: फराळाची साखर यंदा एकत्र आणतोय, ५० किलोचं पोतं. ४४ रु किलो पडते. तीच दुकानात पाकिटातली ५८ आहे. कोणाला किती ते रात्रीपर्यंत टाका.

ए-२०३ वहिनी: सुटी साखर नको वाटते हो, पाकिटातली कशी शुभ्र दिसते. मी निम्मी निम्मी घेईन, ३ किलो ही ३ किलो ती

बी-४०१ काकू: अगं निम्मी निम्मी कशाला, साड्या दोन तऱ्हेच्या घेतो त्या आवडीने, साखरेत ती मजा आहे का? माझे वडील नगरकडे कारखान्यात ग्रेडिंगला होते, चाळणीवर दाणा वेगळा करतात, बारीक तो एस ३०, मध्यम तो एम ३०, दोन्ही एकाच उसाची. काल मी पाकिटातली नि वाण्याकडची, एकेक चमचा ग्लासात विरघळवून बघितली, पाणी दोन्हीकडे स्वच्छ, मोठा दाणा जरा वेळाने विरघळला इतकंच. पाकाला किलोच्या जागी किलोच लागते, मग ३ किलोला ४२ रुपये जास्त कशाचे गं, तेवढ्यात जवळपास आणखी एक किलो येते! उद्या पाकीट ४० ला मिळालं तर मीच म्हणेन सगळी पाकिटंच घ्या

सी-१०२ दादा: काकू आमच्या पाकिटावर सल्फर फ्री लिहिलंय, बाबांना दमा आहे, डॉक्टरांनी सल्फरचं टाळायला सांगितलंय

बी-४०१ काकू: मग तुम्ही तीच घ्या बाळा, अजिबात बदलू नका. साध्या साखरेचा रस सल्फरने साफ करतात, म्हणजे तुमच्या घरी त्या दोन साखरा एक नाहीतच, भाव बघायचाच नाही. बाकीच्यांनी आपल्या पाकिटावर नुसतं साखर लिहिलंय का ते बघा

ए-२०३ वहिनी: आमच्यावर तसलं काही नाही लिहिलेलं 🙈 आणि पिठीसाखर?

बी-४०१ काकू: मिक्सरला फिरव घरीच, विकतच्या आयसिंग शुगरमध्ये बऱ्याचदा कॉर्नफ्लॉवर असतं, लाडवाला ते नको. आणि वाटीने मोजू नकोस, दाण्याप्रमाणे वाटीत कमीजास्त बसते, वजनाने घे

ए-२०३ वहिनी: बरं, माझी ६ किलो पोत्यातलीच लिहा

सेक्रेटरी: लिहिली. ४१ झाली, ९ किलो शिल्लक आहे. वजनकाटा कोणाकडे आहे का?