साइटवर न्यायला लॅपटॉप: परफॉर्मन्स बघू, स्क्रीन बघू का बॅटरी? बजेट ७० हजार

साइटवाला_केज

नमस्कार मंडळी. मी केज तालुक्यात रस्त्याच्या कामावर साइट इंजिनिअर आहे. लॅपटॉप घ्यायचाय आणि पार गोंधळ उडालाय म्हणून इथं टाकायलो. काम असं की ऑटोकॅडमधी टूडी ड्रॉइंग, एल सेक्शन (रस्त्याचा उभा छेद), क्रॉस सेक्शन (आडवा छेद), एक्सेलमधी एमबीचं (मोजमाप पुस्तकाचं) गणित आणि आरए बिल (चालू कामाचं बिल), टोटल स्टेशनचा (मोजणीच्या यंत्राचा) डेटा उतरवून घ्यायचा, इतकंच. पण अर्धा दिवस साइटवर असतो, तिथं लाइट नाही, जनरेटर फक्त प्लांट चालू असला तरच. दुपारी पत्र्याच्या शेडमधी नाहीतर बोलेरोत बसून काम करायचं. घरी गावाकडं गेलं तर लाइट कधी जाईल काय सांगता येत नाही.

तीन पर्याय समोर आहेत. एक गेमिंगवाला, प्रोसेसर आय ५ १३४२०एच, ग्राफिक कार्ड आरटीएक्स ३०५०, १५.६ इंची १४४ हर्ट्झ, स्क्रीन २५० निट्स (निट्स म्हणजे उजेडाचं माप), वजन चार्जर सोडून २.३ किलो. दुसरा पातळ १४ इंची ओलेड, प्रोसेसर तोच, १६ जीबी रॅम पण बोर्डावर सोल्डर केलेली, नंतर बदलता येत नाही. तिसरं म्हणजे मित्र म्हणायलाय की मॅकबुक एअर घे, दिवसभर चार्जर लागत नाही. बीडचा दुकानदार म्हणतो इंजिनिअर असशील तर ग्राफिक कार्ड पाहिजेच. खरंच पाहिजे का? आणि बॅटरी नेमकी कशावरून ओळखायची, डब्यावर तर सगळेच १० तास लिहायलेत.

वॅटचा_हिशोब, लातूर

दादा, डब्यावरचे तास सोडून द्या. ते बऱ्याचदा ब्राइटनेस कमी करून एकच व्हिडिओ फिरवत ठेवून मोजलेले असतात. तुम्ही फक्त एक आकडा शोधा, बॅटरी किती वॅट अवरची आहे. स्पेसिफिकेशनमधी खाली कुठंतरी असतो, दुकानदाराला विचारलं तर तो एमएएच सांगतो, त्याचा उपयोग नाही, वॅट अवरच बघा. मग भागाकार करायचा. समजा ५० वॅट अवरची बॅटरी आहे आणि लॅपटॉप सरासरी १० वॅट खायलाय तर ५ तास. तोच लॅपटॉप २५ वॅट खायला लागला की २ तासात बंद. म्हणजे बॅटरी मोठी असून भागत नाही, मशीन खातं किती हे जास्त महत्त्वाचं, आणि गेमिंगवाल्याचं दुखणं तिथंच आहे. ग्राफिक कार्ड जागं झालं की खाणं एकदम वाढतं, आणि ऑटोकॅड उघडलं की ते बऱ्याचदा आपोआप जागं होतं.

प्रोसेसरचं पण सांगतो कारण इथं लै लोक फसतात. १३४२०एच हा ४५ वॅटच्या वर्गातला. त्याच पिढीतला १३३५यू हा १५ वॅटचा. पण एका कोरचा जास्तीत जास्त वेग दोघांचाही ४.६ गिगाहर्ट्झ, आणि टूडी ऑटोकॅडचं बरंचसं काम एकाच कोरवर चालतं. म्हणजे तुमच्या एल सेक्शनला दोघांत फार फरक कळणार नाही. एच चा फायदा कुठं, तर सगळे कोर लावून तासभर रेंडर चालवायचं असंल तिथं. तुम्ही तर तसलं काही करत नाही. तुमच्या जागी मी यू वाला घेतला असता आणि उरलेले पैसे स्क्रीन आणि बॅटरीत घातले असते.

एएमडीचा घ्यायचा विचार आला तर रायझन ७००० च्या नावातला तिसरा आकडा बघा, तो आतली पिढी सांगतो. ७५२०यू मधी २ म्हणजे झेन २, जुना माल. ७८४०एचएस मधी ४ म्हणजे झेन ४. नावात दोन्हीकडं ७ च, आत मात्र जमीन अस्मानाचा फरक.

जिंतूरचा_सर्व्हेअर

वरच्या दादांनी बॅटरीचं बरोबर सांगितलं पण स्क्रीनवर कोणीच बोलत नाही. माझं सगळं आयुष्य टोटल स्टेशनमागं चाललंय म्हणून सांगतो, २५० निट्सवाला शेतात नेला तर त्यात तुम्हाला तुमचं तोंडच दिसतं, लेयरच्या रेषा दिसत नाहीत. निळी आणि राखाडी रेष तर गायबच होते. ४०० निट्स आणि मॅट (न चकाकणारा) असला तर लिंबाखाली किंवा शेडमधी आरामात काम होतं. थेट उन्हात ५०० वाला पण पुरा पडत नाही, तिथं लॅपटॉप उघडायचाच नाही, गाडीत बसायचं.

आणि २५० निट्सच्या जोडीला बऱ्याचदा ४५ टक्के एनटीएससी लिहिलेलं असतं, म्हणजे रंग पण फिक्के. ड्रॉइंगला चालून जातं, पण दिवसभर बघून डोळे दुखतात हे मी कोणालाही ठासून सांगीन. सोल्डर केलेली नसंल तर रॅम नंतर टाकता येते, एसएसडी नंतर बदलता येते, स्क्रीन मात्र घेतली ती घेतली. म्हणून माझ्याकडं कोणी विचारायला आलं की मी पहिल्यांदा स्क्रीनच बघायला लावतो.

ओलेडबद्दल. दिसायला लै भारी, पण बहुतेक चकचकीत काचेचे असतात, मागची खिडकी, पत्र्यातून येणारं ऊन सगळं त्यात दिसतं. बॅटरीचं गणित पण उलटसुलट होतं. ओलेडमधी काळा भाग वीज जवळजवळ खातच नाही, त्यामुळं ऑटोकॅडचा काळा पडदा असला तर फायदा, आणि पांढरीफेक एक्सेल शीट फुल ब्राइटनेसवर उघडून बसलात तर तोटा. तुमचं एमबीचं काम जास्त दिसतंय. शिवाय वरची रिबन, खालचा टास्कबार वर्षानुवर्षं एकाच जागी राहतो, त्याचा डाग पडायची भीती असतेच.

थ्रीडी_करतो, संभाजीनगर

ग्राफिक कार्ड अगदीच नको म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आज टूडी करायलेत, उद्या कंपनीनं सिव्हिल थ्रीडी (रस्त्याच्या थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर) दिलं, ड्रोनचा सर्व्हे आला, पॉइंट क्लाउड (सर्व्हेतल्या असंख्य बिंदूंची फाइल) उघडायची वेळ आली तर नुसत्या इंटिग्रेटेडवर, म्हणजे प्रोसेसरमधल्याच ग्राफिकवर, जीव जातो. तरुण माणसानं ४-५ वर्षांचा विचार करून घ्यावा. फक्त एक लक्षात ठेवा, नुसतं ३०५० किंवा ४०५० असं नाव बघू नका, कार्डाला किती वॅट दिलेत ते बघा. ४०५० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत येतं, नाव एकच पण ताकद फार वेगळी.

बॅटरीवर असताना कार्ड जागं होऊ नये म्हणून विंडोजच्या सेटिंगमधी सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्समधी जायचं, ऑटोकॅड निवडायचं आणि पॉवर सेव्हिंग करून ठेवायचं. स्क्रीनचा रिफ्रेश रेट १४४ हर्ट्झचा ६० करायचा. बऱ्यापैकी फरक पडतो.

साइटवाला_केज

लै उपयोगाचं सांगितलंत सगळ्यांनी. ड्रोनचं काम आमच्याकडं बाहेरची एजन्सी करते, मला फक्त तयार झालेली फाइल बघायची असते. मॅकचं कोणीच बोललं नाही अजून? आणि गाडीत चार्जिंग कसं करायचं, इन्व्हर्टर बसवायचा का बोलेरोत?

वॅटचा_हिशोब, लातूर

मॅकबुक एअरची बॅटरी आणि स्क्रीन दोन्ही उत्तम, एम ४ वाल्याला १६ जीबी रॅम सुरुवातीपासूनच आहे, ५०० निट्स स्क्रीन आहे, त्यात खोट काढायला जागा नाही. पण ऑटोकॅडची मॅकची आवृत्ती वेगळी आहे, त्यात व्हीबीए मॅक्रो (तेच तेच काम आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) चालत नाहीत. सिव्हिल थ्रीडी, रेव्हिट, स्टॅडप्रो ही सिव्हिलची सॉफ्टवेअर मॅकवर नाहीतच. टोटल स्टेशनचं सॉफ्टवेअर तर घ्यायच्या आधी तपासाच, ते बहुतेक विंडोजवालंच असतं. तुमचे एक्सेलचे जुने मॅक्रो आणि ऑफिसातल्या लोकांशी फाइलींची देवाणघेवाण बघता मी तुम्हाला मॅक सुचवणार नाही. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवाले विंडोज लॅपटॉप पण बॅटरीला चांगले म्हणून दुकानदार पुढं करतील, त्यात जुन्या यंत्रांचे ड्रायव्हर चालतीलच असं नाही, त्यामुळं तुमच्या कामाला नकोच.

गाडीतलं चार्जिंग हा तर तुमच्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि त्यावरनंच निम्मा निर्णय होतो. लॅपटॉप टाइप सीवरून चार्ज होणारा घ्या. गाडीच्या सॉकेटला साधारण १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो, १२ व्होल्टनं १२० ते १८० वॅट झाले. ६५ वॅटचा चांगला पीडी (टाइप सीवरून जास्त वॅट देणारा) कार चार्जर त्यावर निवांत चालतो, इन्व्हर्टर बसवायची गरजच नाही. गेमिंगवाल्याचा चार्जर दीडशे दोनशे वॅटचा, गोल पिनचा, तो तिथं झेपणार नाही. पॉवर बँक पण होते. २०,००० एमएएचची बँक म्हणजे ३.७ व्होल्टनं ७४ वॅट अवर, त्यातले वाटेत जाणारे सोडले तरी ५० ची बॅटरी जवळजवळ एकदा भरते. फक्त ती ६५ वॅट आउटपुट देणारी पाहिजे, मोबाइलवाली नको.

परभणी_४३_डिग्री

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार पण करा मंडळी. मार्च संपला की पत्र्याच्या शेडमधी काय होतं ते साइटवाल्याला सांगायची गरज नाही. ॲपलच स्वतः एअर ३५ डिग्रीपर्यंत वापरा म्हणते, आणि त्यात पंखा नाही, तापलं की वेग कमी करतं. आपल्याकडं एप्रिल मे मधी सकाळी ११ लाच ३५ च्या वर पारा असतो. लिथियम बॅटरीला दोन गोष्टी मारतात, उष्णता आणि कायम १०० टक्के भरून ठेवणं. दोन्ही एकत्र झाल्या की दोन वर्षांत निम्मी बॅटरी गेलेली मी लोकांच्या मशीनमधी बघितलेली आहे. बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवून जाऊ नका. कंपनीच्या ॲपमधी चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ऑफिसात चार्जर लावून बसायचं असंल तेव्हा ती चालू ठेवा, साइटवर जायच्या आदल्या रात्री १०० करा.

पैसे वाचवायचे असतील तर कंपन्यांनी वापरून काढलेले बिझनेस लॅपटॉप पण बघा, ते मॅट स्क्रीनचे आणि मजबूत असतात. पण इंटेलचा निदान आठव्या पिढीचा पाहिजे, त्याच्या आधीच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि घ्यायच्या आधी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधी powercfg /batteryreport ही कमांड दुकानातच चालवून घ्या. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे येतात, ५० ची बॅटरी ३२ वर आली असंल तर नवीन बॅटरीचे पैसे भावातून कमी करायला लावा.

जिंतूरचा_सर्व्हेअर

वॉरंटीचं राहिलं. ऑनसाइट वॉरंटी म्हणतात पण तुमच्या पिनकोडला माणूस येतो का ते कंपनीच्या साइटवर टाकून बघा. तालुक्याच्या गावाला येत नसंल तर मशीन घेऊन बीड नाहीतर संभाजीनगरला जावं लागतं, त्यात कामाचा खोळंबा होतो. धुळीचं काम आहे तर ॲक्सिडेंटल डॅमेजवालं कव्हर जमलं तर घ्याच.

साइटवाला_केज

मग असं ठरवलंय. गेमिंग नको, ओलेड नको. १४ इंची, मॅट, ४०० निट्स, यू वाला प्रोसेसर, बॅटरी ५५ वॅट अवरच्या वर, टाइप सी चार्जिंग. रॅम १६ आणि एक स्लॉट मोकळा असंल तर बरं. असलं मॉडेल बीडमधी नाही, दुकानदार मागवून देतो म्हणायलाय पण न बघता पैसे भरायला मन धजत नाही.

वॅटचा_हिशोब, लातूर

न बघता भरूच नका. एकाच मॉडेलच्या नावात २५० आणि ४०० निट्स असे दोन्ही पॅनल विकले जातात. पूर्ण मॉडेल नंबर, त्या मागच्या शेपटीसकट, दुकानदाराकडून लिहून घ्या, कंपनीच्या साइटवर टाकून पॅनल जुळतंय का बघा, बिलावर तोच नंबर आला पाहिजे असं आधीच सांगा. आणि डबा आला की फुल ब्राइटनेस करून दुकानाच्या दारात उन्हाकडं तोंड करून तुमचं एखादं ड्रॉइंग उघडून बघा, पेनड्राइव्हमधी न्या सोबत, राखाडी लेयर दिसला तर घ्या.