६०० मिलिमीटरलाही घार धूसर का येते?

मांडवीकाठ (डिचोली)
शाळेतून निवृत्त झालो आणि इतकी वर्षं मनात असलेली दूरचं जवळ ओढणारी १५०-६०० मिलिमीटरची लेन्स एकदाची घेतली, वापरलेली का होईना. दर रविवारी मयेमार्गे चोडणला येतो आणि रायबंदरच्या फेरीबोटीतून ब्राह्मणी घारी टिपतो. शटर १/२००० सेकंद, लेन्सचं छिद्र एफ ६.३, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ऑटो. तरी एक पीस सुटं दिसत नाही, डोकं तर नुसता पांढरा ठिपका. घरचं आवरून पोचेपर्यंत अकरा होतात, पण तेव्हा उजेड भरपूर असतो. लेन्समध्येच दोष असेल का?

खाजनवाट
मास्तर, लेन्स बिचारी बरी असणार. घोटाळा अकराच्या उन्हात आहे. बांध, चिखल तापले की वरची हवा थरथरायला लागते, भर दुपारी डांबरी रस्त्यावर दिसते ना तशी. शंभर मीटरवरची घार ६०० ने जवळ ओढताना ही थरथरही ओढली जाते. तिथे लाखाची लेन्सही काही करू शकत नाही. उजाडता पोचा.

फेरीच्या कठड्यावर कोपर टेकवता का? इंजिनाचा हादरा थेट कॅमेऱ्यात येतो. कोपरं बरगड्यांना लावा, नाहीतर सरळ धक्क्यावर उतरून उभे राहा. मी तेच करतो.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. घार वाऱ्याकडे तोंड करून उडते आणि तशीच टेकते. थंडीत आपल्याकडे सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे, म्हणजे पूर्वेकडून येतो. सूर्यही पूर्वेलाच. त्या तासाभरात पूर्वेकडे पाठ करून उभं राहिलं की घार तुमच्या दिशेने तोंड करून, अंगावर ऊन घेऊन येते. दुपारी खारा वारा सुटला की हे सगळं उलटतं.

डोक्याचं म्हणाल तर, मागे गडद खारफुटी असली की कॅमेरा चित्र उजळवतो आणि पांढरं डोकं जळतं, म्हणजे तपशील जाऊन नुसतं पांढरं उरतं. एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, पाऊण स्टॉप खाली घ्या (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). मागे मोकळं आभाळ असेल तर मात्र वर.

सत्तरीची पोर
काका, एक कळकळीची विनंती. घार जवळ यावी म्हणून कोंबडीचे तुकडे फेकणारे लोक भेटतील. कृपा करून तुम्ही फेकू नका. ती मासे, खेकडे स्वतः पकडणारी आहे, आणि तिची झेप तिच्या भुकेची असावी. समुद्रगरुडाचं घरटं दिसलं तर जागा कुणाला सांगू नका, इथेही लिहू नका. माणूस खाली घुटमळत राहिला तर ते घरटं सोडून जातात.

मांडवीकाठ (डिचोली)
पोरी, नाही फेकणार. शब्द देतो.

आज साडेसहाला धक्क्यावर होतो. सातच्या सुमारास एक घार समोरून खाली आली, पाण्यावरून काहीतरी उचललं आणि माझ्या डाव्या हाताने निघून गेली. चौदा फोटो निघाले, त्यातले अकरा फोकस चुकून गेले. उरलेल्या तिनांपैकी एकात डोक्याच्या प्रत्येक पांढऱ्या पिसात मधोमध बारीक काळपट रेघ आहे. चाळीस वर्षं ही घार बघतोय. ती रेघ आज पहिल्यांदा दिसली.