चमचा दिसला की तोंड बंद! बाळाला प्युरी नकोच असेल तर थेट ताटातलं द्यावं का?

चांदणवेल

लेक साडेसात महिन्यांची आहे. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं सुरू केलं, गाजराची प्युरी, भोपळ्याची, सफरचंदाची, केळ्याची, सगळं करून झालं. पहिले चार दिवस तिनं जरा चाटलं आणि मग जे तोंड मिटलंय ते मिटलंच. चमचा उजवीकडून आणला की मान डावीकडे, डावीकडून आणला की उजवीकडे, आणि चुकून थोडं आत गेलंच तर जिभेनं बाहेर ढकलून रडायला लागते. दीड महिना हेच चाललंय.

मागच्या आठवड्यात ती माझ्या मांडीवर बसली होती आणि मी जेवत होते. तिनं माझ्या ताटात हात घालून उकडलेल्या बटाट्याचा बोटभर तुकडा उचलला. मी काढून घेणार तेवढ्यात तो तोंडात गेलाही. मुठीच्या वर आलेलं टोक तिनं हिरड्यांनी चेपलं, थोडा वेळ तसंच धरून ठेवलं, जिभेवर इकडून तिकडे फिरवलं आणि गिळलं. उरलेला बटाटा मुठीत चेपला जाऊन बोटांच्या फटींतून बाहेर आला, तर तोही चाटला. दीड महिन्यात मी तिला असं खाताना बघितलं नव्हतं, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की तिला अन्न नकोय असं नाहीच, तिला दुसऱ्यानं तोंडात घातलेलं नकोय. मग प्युरीसाठी रोज दोघींनी रडण्यापेक्षा आम्ही खातो तेच, मीठ घालायच्या आधी बाजूला काढून, मऊ शिजवून तिच्या हातात का देऊ नये? घरात यावरून दोन तट पडलेत म्हणून इथे विचारतेय. स्पष्ट बोला, राग येणार नाही.

सुपारीफूल

स्पष्ट बोल म्हणालीस म्हणून बोलते. मी तीन मुलं वाढवली आणि आता नातवंडं बघतेय. अगं साडेसात महिन्यांच्या बाळाला दात किती असतात? चावायला दाढा लागतात आणि त्या वर्षानंतर येतात. मऊ, पातळ, गुळगुळीत देतात ते उगीच नाही. बाळ तोंड मिटतं म्हणून लगेच तुकडे हातात द्यायचे हा मला उतावीळपणा वाटतो. थोडा धीर धर, चव बदल, वेळ बदल, आणि अगदीच नाही ऐकलं तर गालाला हलकं दाबून दोन घास आत घालायचे, रडेल थोडी पण पोटात तर जाईल. आमची सगळी मुलं अशीच मोठी झाली.

कोरा_कागद

मी बाबा आहे आणि माझा विरोध फक्त भीतीपोटी आहे, ते आधीच सांगतो. मुलगा आठ महिन्यांचा असताना बायकोनं त्याला भाजीचा तुकडा दिला होता. तो एकदम लालबुंद झाला, डोळ्यांत पाणी, जीभ बाहेर, ओकारीचा आवाज. मी धावत जाऊन तोंडात बोट घालायला निघालो, बायकोनं माझा हात धरला म्हणून थांबलो. दोन-तीन सेकंदांत तुकडा पुढे आला, त्यानं तो थुंकला आणि परत तोच उचलला. तो शांत होता, मी मात्र पुढचे दोन तास थरथरत होतो. बाळाची श्वासनळी किती बारीक असते हो, त्यात काही अडकलं तर? प्युरीनं निदान असं तर होत नाही.

खडीसाखर

मी स्पीच थेरपिस्ट आहे, लहान मुलांच्या खाण्याच्या अडचणींवर काम करते, म्हणून जरा लांब लिहिणार आहे.

कोरा_कागद, तुमच्या बायकोनं तुमचा हात धरला ते फार बरं केलं. तुम्ही बघितलीत ती ओकारीची उबळ, घशात अडकणं नाही, आणि हा फरक प्रत्येक घरात माहीत असायलाच हवा. उबळीत आवाज असतो, खोकला असतो, चेहरा लाल होतो, बाळ स्वतःच घास पुढे ढकलतं. मोठ्यांना ही उबळ घशाजवळ काही लागलं की येते, लहान बाळाला जिभेवर बरंच पुढे लागलं तरी येते, म्हणजे श्वासाच्या वाटेपासून लांबच ती घास अडवते. वय वाढतं तशी ती जागा मागे सरकते. खरं अडकतं तेव्हा बाळ शांत होतं. आवाज नाही, रडू नाही, खोकला नाही, ओठ निळसर पडायला लागतात. तेव्हा बाळाला डोकं खाली करून हातावर पालथं धरायचं, पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधे 5 थापा, नाही निघालं तर उताणं करून छातीवर 5 दाब, परत थापा, आणि कोणाला तरी लगेच मदतीला फोन करायला सांगायचं. वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नाही, आणि घास दिसत नसताना आत बोट तर अजिबात घालायचं नाही, तो आणखी आत जातो. हे वाचून येत नाही, प्रथमोपचाराच्या वर्गात बाहुलीवर करून बघावं लागतं.

आता दातांबद्दल. सुपारीफूल ताई, दाढांचं तुमचं बरोबर आहे पण मऊ शिजवलेलं चेपायला हिरड्या पुरतात. आपण देतो तो तुकडा अंगठा आणि बोट यांच्यात सहज चेपला जातो का एवढं बघायचं, जात असेल तर हिरड्याही चेपतील. आणि तुकडा बोटाएवढा लांब, कारण या वयात बाळ अख्ख्या मुठीनं धरतं, मुठीच्या वर खायला टोक उरायला हवं. चिमटीत धरणं आठ-नऊ महिन्यांच्या आसपास जमायला लागतं, बारीक तुकडे तेव्हा.

एका गोष्टीला मात्र माझा पूर्ण विरोध आहे, ते गाल दाबून घास घालणं. रडताना बाळ खोल श्वास घेतं आणि त्याच वेळी तोंडात घास असेल तर धोका तिथे जास्त. शिवाय चमचा म्हणजे बळजबरी हे एकदा मनात बसलं की पुढे महिनोन्महिने ते काढत बसावं लागतं, माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांची सुरुवात तिथूनच झालेली असते.

सुपारीफूल

गाल दाबण्याचं मागे घेते. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पण तुकड्यांबद्दल माझं मत तेच आहे, हातानं कुस्करून मऊ केलेलं द्यावं, मिक्सरमधलं पाणी नको हे मला मान्य, पण अख्खा तुकडा नको.

रात्रपाळी

मला घशात अडकण्यापेक्षा वेगळी काळजी वाटते, ती म्हणजे लोह. पोटातून आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फार कमी असतं, म्हणून तर वरचं अन्न सुरू करतात. मुठीत गाजर चेपलं, निम्मं केसांना लागलं, निम्मं जमिनीवर गेलं, बघायला छान वाटतं, पण पोटात किती गेलं आणि त्यात लोह किती होतं? चमच्यानं भरवलं की आपल्याला माहीत असतं की एवढं गेलं. माझ्या धाकट्याला आम्ही हौसेनं फक्त हातात देत राहिलो, काकडी, केळं, भोपळा हेच, आणि नवव्या महिन्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन खाली आलेलं. त्यामुळे ताटातलं द्या हो, पण ताटात काय आहे ते आधी बघा.

चांदणवेल

रात्रपाळी, हे कोणीच बोललं नव्हतं मला. मी पण बटाटा, गाजर, केळं यातच फिरत होते. मग या वयात हातात काय देता येईल?

रात्रपाळी

पूर्ण शिजलेल्या अंड्याच्या लांब फोडी, अगदी मऊ शिजवलेल्या मांसाचे धागे, काटे नीट काढलेला मासा, मांसाहार नसेल तर डाळी आणि कडधान्यं गाळ शिजवून त्याचे मऊ वडे किंवा गोळे. सोबत क जीवनसत्त्व असलेलं काहीतरी, टोमॅटो, संत्रं वगैरे, त्यानं डाळींमधलं लोह जास्त शोषलं जातं. अंडं पहिल्यांदा देताना थोडंसंच, दिवसा, आणि अंगावर काही उठतंय का ते बघायचं.

निळी_छत्री

मला हे दोन तटच पटत नाहीत. प्युरी नको म्हणजे चमचा नको असं का धरायचं? आमच्या मुलीनं हेच केलं होतं. मी दोन चमचे घेतले, एकावर घट्ट कुस्करलेली डाळ-भात लावली आणि तिच्याकडे दांडा करून नुसता धरला. तिनं घेतला, उलटा धरला, मग सुलटा, आणि स्वतः तोंडात घातला. तो तिच्या हातात असेपर्यंत मी दुसरा भरून ठेवायचे. पातळ प्युरी चमच्यावर टिकत नाही, सांडते, बाळ वैतागतं, घट्ट असेल तर टिकते. पंधरा दिवसांत माझ्या हातूनही खायला लागली.

कोरा_कागद

सगळं वाचलं. पण मला आकडा हवाय, हातात दिल्यानं जास्त मुलांच्या घशात अडकतं की नाही?

खडीसाखर

न्यूझीलंडमध्ये यावर नीट चाचणी झाली, निष्कर्ष 2016 मध्ये आले. 206 बाळं होती. एका गटाला स्वतःच्या हातानं खायला द्यायचं आणि कोणते पदार्थ, कोणता आकार याचं शिक्षण पालकांना दिलं, दुसऱ्या गटाला नेहमीचाच सल्ला. सहा ते आठ महिन्यांच्या काळात 35 टक्के बाळांना एकदा तरी अडकलं, आणि दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. हातानं खाणाऱ्यांना सहाव्या महिन्यात उबळ जास्त आली पण आठव्या महिन्यात उलट कमी.

यातली मोलाची गोष्ट अशी की नेहमीच्या सल्ल्याच्या गटातही अडकलंच, म्हणजे प्युरी देतोय म्हणून निर्धास्त राहता येत नाही. आणि पालकांना आधी शिकवलं होतं, ते न शिकता दिलं तर हाच निकाल येईल असं मी म्हणणार नाही. अख्खी द्राक्षं, शेंगदाणे आणि सुकामेवा, पॉपकॉर्न, कच्चं गाजर, कच्च्या सफरचंदाची फोड, कडक गोळ्या, हे नाहीच. द्राक्ष उभं चार भागांत कापून. शेंगदाण्याची गुळगुळीत पेस्ट पातळ करून चालते, अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, शिजवलेल्यातसुद्धा नाही. बाळ ताठ बसलेलं हवं, आडवं किंवा रांगताना तोंडात घास नको, आणि शेजारी मोठं माणूस फक्त बाळाकडे बघत बसलेलं हवं, मोबाईलकडे नाही.

सुपारीफूल

आणि उशीर केला तर काय बिघडतं गं? दहाव्या-अकराव्या महिन्यात देईल तुकडे.

खडीसाखर

ताई, बिघडू शकतं. ब्रिटनमध्ये 1991-92 मध्ये जन्मलेल्या हजारो मुलांच्या पाहणीत दिसलं की ज्यांना गाठीगाठीचं अन्न दहा महिन्यांनंतर पहिल्यांदा मिळालं, त्यांच्या खाण्याच्या तक्रारी सव्वा वर्षाच्या वयात जास्त होत्या.

रात्रपाळी

पण ज्या बाळांना मुळातच गिळायला त्रास होता त्यांनाच उशिरा दिलं गेलं असेल ना? मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला?

खडीसाखर

हा आक्षेप बरोबर आहे, त्या पाहणीतून नक्की कारण सिद्ध होत नाही. पण रोज जे बघते त्यावरून सांगते, जीभ घास बाजूला नेऊन हिरड्यांखाली ठेवायला शिकते ती घास मिळाल्यावरच. गुळगुळीत प्युरीत तिला फक्त मागे ढकलायचं काम असतं. म्हणून नऊ महिन्यांच्या आत काहीतरी चेपण्यासारखं तोंडात जायला हवं, कुस्करलेलं असो की तुकडा.

आणि चांदणवेल, एक विचारते. बाळ वेळेवर जन्मलं ना? दूध पिताना रोज खोकते का, पाजल्यावर आवाज घरघरतो का, वजन थांबलंय का? यातलं काहीही असेल तर इथले सगळे सल्ले बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरांना दाखव. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय तर अशा गोष्टींसाठी नुसतं जन्मतारखेपासून धरत नाहीत.

चांदणवेल

पूर्ण दिवसांची आहे, खोकला नाही, वजन मागच्या तपासणीत नीट वाढलं होतं. दूध भरपूर पिते.

नऊ दिवसांनी लिहितेय. प्युरी पूर्ण बंद केली नाही, निळी_छत्रीचं ऐकून घट्ट करून भरलेला चमचा हातात देते, पाचातले तीन वेळा फेकते, दोन वेळा तोंडात घालते. रोज आमच्याबरोबर एकदा जेवायला बसते, मागे उशी, समोर चार तुकडे, जास्त ठेवले तर सगळे खाली ढकलते हे लक्षात आलं. अंड्याची फोड पहिल्या दिवशी नुसती चोळली, दुसऱ्या दिवशी चोखली, चौथ्या दिवशी अर्धी खाल्ली. उबळ दोनदा आली. पहिल्यांदा माझा श्वास अडकला, दुसऱ्यांदा मी हात मांडीखाली दाबून बसले आणि तिच्या आवाजाकडे कान ठेवला, आवाज येत होता म्हणून थांबले. नवरा आणि मी शनिवारी प्रथमोपचाराच्या वर्गाला जातोय, सासूबाईंनाही नेतोय, कारण दुपारी ती त्यांच्याजवळ असते.

सुपारीफूल

सासूबाईंना नेतेयस हे चांगलं केलंस. मीही आमच्याकडे विचारते असा वर्ग कुठे असतो का. तुकडा मोठा देऊ नकोस पण.

चांदणवेल

बोटाएवढा, मऊ, आधी माझ्या अंगठ्यानं चेपून बघते आजी.

रात्रपाळी

आणि नवव्या महिन्यात रक्त तपासायचं का ते डॉक्टरांना विचार, विसरू नकोस.