मदत हवी आहे: दक्षिण आफ्रिकेच्या 'प्रेसिडेंट'ला मराठीत काय म्हणावं?

दहावीच्या मुलांसाठी दक्षिण आफ्रिकेच्या राज्यव्यवस्थेवर पाठ लिहिते आहे आणि एका वाक्यावर अडकले आहे. डिसेंबर 2007 मध्ये थाबो म्बेकी यांनी पक्षाचं अध्यक्षपद गमावलं, सप्टेंबर 2008 मध्ये देशाच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला, तोही संसदेच्या अध्यक्षांकडे. तीन पदं, शब्द एकच! मुलं गोंधळणारच.

'राष्ट्रपती' लिहून पाहिलं. पण आपल्याकडच्या मुलांना त्यातून राष्ट्रपती भवन आठवतं, प्रत्यक्ष कारभार चालवणारा माणूस नाही. तिथे मात्र राष्ट्रप्रमुख आणि सरकारप्रमुख एकच. त्यांना जनता थेट निवडत नाही, 400 सदस्यांची नॅशनल असेंब्ली, म्हणजे संसदेचं कनिष्ठ सभागृह, निवडते, आणि तिथे एकूण सदस्यांच्या बहुमताने अविश्वास ठराव मंजूर झाला तरी पद जातं. म्हणजे बरंचसं आपल्या पंतप्रधानांसारखं. फक्त निवड झाली की खासदारकी सोडावी लागते. 'राष्ट्राध्यक्ष' वर्तमानपत्रांत रुळलाय खरा, पण मुलांना त्यावरून अमेरिकेसारखी थेट लढत वाटते.

तळटीप देता येणार नाही, कंसात इंग्रजी शब्दही नको. 'सभापती' वापरून संसदेचा प्रश्न सुटेल, पण मुलांच्या पुस्तकात 'लोकसभा अध्यक्ष' असं आहे.

नागरिकशास्त्र शिकवणाऱ्यांनी किंवा भाषांतर करणाऱ्यांनी सांगावं: या तीन पदांसाठी तुम्ही कोणते तीन शब्द वापराल?