लेकीकडे पर्थला कायमचे जावे का? ब्रिटनमधील निवृत्त पालक, ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आणि गोठणारी पेन्शन

लेस्टरच्या काकू (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. हा विषय गेले वर्षभर आमच्या घरी रोज रात्रीच्या जेवणाला निघतो आणि ताटांबरोबरच उचलला जातो, म्हणून अखेर इथे विचारते आहे.

माझे यजमान ७१ वर्षांचे आहेत आणि मी ६८ वर्षांची. आम्ही १९८३ साली मिरजेहून इंग्लंडला आलो. यजमानांनी एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, भूलतज्ज्ञ म्हणून तीस वर्षांहून अधिक काळ काम केले, मी एका शाळेच्या कार्यालयात होते. दोघेही ब्रिटिश नागरिक आहोत आणि लेस्टरमधल्या घराचे कर्ज कधीच फिटले आहे. थोरली लेक नर्स आहे. ती २०१२ साली पर्थला गेली, तिथलीच नागरिक झाली आणि तिला आता दोन मुली आहेत. धाकटा मुलगा लीड्सला असतो. लेकीचे म्हणणे असे की, "तुम्ही दोघे अजून हिंडते-फिरते आहात तोवरच या, अंथरुणाला खिळल्यावर मला तिथून धावत येता येणार नाही." मुलगा काही बोलत नाही, आणि ते न बोलणेच मला जास्त ऐकू येते.

चौकशी केली तेव्हा एका सल्लागाराने सांगितले की पैसे भरले की काम झालेच समजा. दुसऱ्याने सांगितले की तुमच्या हयातीत व्हिसा मिळेलच याची खात्री नाही. यांतले खरे काय? आमच्या पेन्शनचे काय होईल? आणि घर विकून जावे की ठेवून जावे? प्रत्यक्ष या वाटेने गेलेल्यांनी किंवा आई-वडिलांना नेलेल्यांनी लिहावे, ही विनंती.

जूनडलपकर

काकू, आम्ही पर्थच्या उत्तरेला जूनडलपमध्ये राहतो. या भागात इंग्लंडहून आलेली इतकी कुटुंबे आहेत की आमच्या गल्लीत निम्म्या घरांत आजी-आजोबांचा विषय हाच असतो. माझे सासू-सासरे केंटमधून इथे आले. त्यांचा अर्ज २०१६ साली केला होता आणि मंजुरी २०२२ साली मिळाली. आजच्या अर्जदाराला तेवढ्या वेळात मिळणार नाही, हे आधीच सांगतो.

तुमच्या दोन्ही सल्लागारांनी अर्धे-अर्धे खरे सांगितले आहे. पालकांसाठी कायमच्या वास्तव्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला म्हणजे साधा पालक-व्हिसा, क्रमांक १०३. त्याचे शुल्क तुलनेने कमी आहे, पण रांग तीस वर्षांच्या आसपास आहे, म्हणजे तुमच्या वयात तो कागदावरच राहतो. दुसरा म्हणजे क्रमांक १४३, ज्यात पालक स्वतः मोठी रक्कम भरतात. त्याचा दुसरा हप्ताच माणशी ४३,६०० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, म्हणजे तुम्हा दोघांचे ८७,२०० डॉलर. एका पौंडाला साधारण दोन डॉलर धरले तर हा आकडा किती होतो ते तुम्हीच पाहा. एवढे भरूनही नव्या अर्जाला बारा वर्षांहून अधिक काळ लागण्याची चिन्हे आहेत, कारण सगळ्या प्रकारचे मिळून वर्षाला साधारण साडेआठ हजारच पालक-व्हिसा दिले जातात आणि रांगेत लाखाहून अधिक लोक उभे आहेत. २०२३ साली सरकारने नेमलेल्या समितीने स्थलांतर-व्यवस्थेचा आढावा घेतला, तेव्हा रांगेऐवजी सोडत काढावी काय, असाही पर्याय चर्चेत आला होता, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

दिलासा एवढाच की मोठा हप्ता अर्जाबरोबर भरायचा नसतो, तो मंजुरीच्या तोंडावर मागतात. सुरुवातीला फक्त पहिला, लहान हप्ता जातो आणि रांगेतली तारीख तुमच्या नावे लागते. म्हणून माझे मत असे की जायचे की नाही हे ठरत नसले तरी अर्ज आत्ता करून टाकावा. वैद्यकीय तपासणी मात्र निर्णयाच्या वेळचीच धरली जाते, आणि त्या वेळी तुम्ही ऐंशीच्या घरात असाल. या व्हिसात आरोग्याच्या निकषाला सूट मिळत नाही, हे डॉक्टरसाहेबांना वेगळे सांगायला नको.

तुमची एक गोष्ट जमेची आहे. अट अशी आहे की निम्मी किंवा त्याहून अधिक मुले ऑस्ट्रेलियात कायमची राहत असावीत, किंवा इतर कोणत्याही एका देशापेक्षा तिथे जास्त मुले असावीत. तुम्हाला दोन मुले आणि त्यांतली एक इथे, म्हणजे बरोबर निम्मी. तुम्ही या अटीत बसता. लेक इथे स्थिरावलेली असल्याने तिच्या बाजूनेही अडचण दिसत नाही. तिने किंवा दुसऱ्या कोणीतरी तुमची दहा वर्षांची आर्थिक हमी घ्यावी लागेल आणि तेवढा काळ पहिल्या अर्जदारासाठी १०,००० व दुसऱ्यासाठी ४,००० डॉलरची बँक-हमी अडकून राहील.

बर्मिंगहॅम ते पुणे

व्हिसाबद्दल वर सविस्तर आले आहे. मी पेन्शनबद्दल लिहितो, कारण तो चटका मला स्वतःला बसला आहे, जरी मी ऑस्ट्रेलियाला न जाता पुण्याला परतलो असलो तरी.

ब्रिटनची स्टेट पेन्शन, म्हणजे सरकारकडून मिळणारी वृद्धापकाळाची पेन्शन, तुम्ही कोणत्याही देशात घेऊ शकता, पण दरवर्षीची वाढ सगळीकडे मिळत नाही. फ्रान्स किंवा स्पेनमध्ये राहणाऱ्याला वाढ मिळते, अमेरिकेत मिळते. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि आपला भारत या देशांत मिळत नाही. देश सोडताना जी रक्कम असेल (किंवा परदेशात राहून पहिल्यांदा घेताना जी असेल) तिथेच ती गोठते. ऑस्ट्रेलियाचा ब्रिटनशी सामाजिक सुरक्षेचा करार होता, पण ब्रिटन ही वाढ द्यायला तयार होईना म्हणून ऑस्ट्रेलियानेच तो मोडला आणि १ मार्च २००१पासून तो संपुष्टात आला. निवृत्तांनी हा प्रश्न थेट स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत नेला; तिथे २०१० साली मोठ्या पीठाने ११ विरुद्ध ६ अशा मताने त्यांच्या विरोधात निकाल दिला.

उदाहरणाने सांगतो. एप्रिल २०१६मध्ये नवी स्टेट पेन्शन आठवड्याला १५५.६५ पौंड होती. ती घेऊन त्या वर्षी पर्थला गेलेल्या माणसाला २०२५-२६मध्येही तेवढेच मिळतात आणि लेस्टरमध्ये राहिलेल्या त्याच्या शेजाऱ्याला २३०.२५ पौंड मिळतात. म्हणजे वर्षाला साधारण ३,८८० पौंडांचा फरक, आणि तो दरवर्षी वाढतच जाणार. माणूस जितका दीर्घायुषी तितका त्याचा तोटा मोठा. "शतायुषी व्हा" हा आशीर्वाद कोणी दिला की माझ्या मनात हिशेबच सुरू होतो.

काकू, तुमच्या यजमानांची एनएचएसची पेन्शन मात्र वेगळी आहे. तिची वाढ तुम्ही कुठेही राहिलात तरी मिळत राहते. त्यामुळे तुमच्या घरात फटका मुख्यतः दोघांच्या स्टेट पेन्शनला बसेल. ब्रिटनमध्ये भेटीला आलात तर त्या मुक्कामापुरता चालू दर मागता येतो आणि कायमचे परत आलात तर तो पूर्ववत लागू होतो. ऑस्ट्रेलियाची स्वतःची वृद्धापकाळाची पेन्शन मिळायला तिथे साधारणपणे दहा वर्षांचे पात्र वास्तव्य लागते, म्हणून तिच्यावर विसंबू नका. दोन देशांमधल्या २००३च्या करारानुसार तिथले रहिवासी झाल्यावर पेन्शनवरचा कर तिथेच भरावा लागतो, हेही आधीच हिशेबात धरावे.

यारेकाठची आजी

लेस्टरच्या ताई, तुमचे पत्र वाचून माझेच जुने दिवस आठवले. मला तीन मुले, एक मेलबर्नला आणि दोघे ब्रिटनमध्ये. म्हणजे वर सांगितलेल्या अटीत मी नापासच झाले. पूर्वी पैसेवाल्या निवृत्तांसाठी गुंतवणुकीवर आधारलेला एक व्हिसा असे, तो २०१८ साली नव्या अर्जदारांसाठी बंद झाला. मग उरला तो २०१९ साली आलेला ८७० क्रमांकाचा तात्पुरता व्हिसा. तो तीन किंवा पाच वर्षांचा असतो आणि एकूण जास्तीत जास्त दहा वर्षे राहता येते. सुरुवातीला तीन वर्षांना पाच हजार आणि पाच वर्षांना दहा हजार डॉलर असे शुल्क होते, आता ते वाढले आहे. त्यावर नोकरी करता येत नाही आणि तो कायमच्या वास्तव्यात बदलत नाही. मी त्याच व्हिसावर इथे पाच वर्षे राहिले, तेही एकटी, कारण आमचे हे आधीच गेले होते.

मला सांगायचे आहे ते व्हिसाच्या पलीकडचे आहे. इंग्लंडमध्ये माझ्या दारासमोरून बस जायची, वाचनालय चालत सात मिनिटांवर होते आणि मंडळाच्या गणपतीला मला कोणाच्या गाडीची वाट पाहावी लागत नव्हती. मेलबर्नच्या नव्या उपनगरात लेक-जावई सकाळी सातला बाहेर पडत, नातवंडे शाळेत जात आणि मी मोठ्या, स्वच्छ, शांत घरात संध्याकाळपर्यंत एकटी असे. पहिले सहा महिने सणासारखे गेले. त्यानंतर मला कळले की मी लेकीच्या आयुष्यात राहायला आले आहे, माझे म्हणून तिथे काहीच नाही. मग मी गाडी चालवायला पुन्हा शिकले, जवळच्या सामुदायिक केंद्रात विणकाम शिकवू लागले आणि गाडी रुळावर आली. तुमच्या यजमानांना तिथे काय करायला आवडेल, हे नातींचा विचार थोडा बाजूला ठेवून त्यांनाच विचारा.

घराबद्दल माझे मत ठाम आहे. कायमचा व्हिसा हातात पडेपर्यंत लेस्टरचे घर विकू नका. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने घर विकून पैसे मुलाच्या घरात घातले, तिकडे मुलाचा संसार मोडला आणि त्या घराची वाटणी होताना म्हाताऱ्यांचे पैसे कोणते, हेच सिद्ध करता येईना. लेक कितीही गुणाची असली तरी पैसे दिले तर वकिलाकडून लेखी करून घ्या. यात अविश्वासाचा प्रश्न नाही.

प्रवासी पक्षी

सगळे जण इतके घाबरवत का आहेत, ते कळत नाही. प्रवासी व्हिसावर जावे, तिथे पोहोचल्यावर वृद्ध पालकांचा ८०४ क्रमांकाचा अर्ज करावा आणि निकाल लागेपर्यंत तिथेच राहावे. रांग तीस वर्षांची असली तर उलट उत्तमच! ब्रिटिश लोकांना मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, तीही मिळते. अनेक जण हेच करतात.

जूनडलपकर

हा मार्ग अस्तित्वात आहे हे खरे आहे. अर्जदाराचे वय ६७ पूर्ण असावे लागते, अर्ज ऑस्ट्रेलियात राहून करावा लागतो आणि निकालापर्यंत तात्पुरता पूरक व्हिसा मिळतो. परंतु तो वाटतो तितका सरळ नाही. प्रवासी व्हिसावर "पुढे मुक्काम नाही" ही ८५०३ क्रमांकाची अट घातलेली असेल, तर अर्जच करता येत नाही. शिवाय, फिरायला आलो आहे असे विमानतळावर सांगायचे आणि सामान कायमचे बांधून आणायचे, हा खोटेपणा अंगाशी येऊ शकतो. पूरक व्हिसावर देशाबाहेर जायचे तर परतीसाठी आधी वेगळी परवानगी काढावी लागते. लीड्सहून मुलाचा रात्री-अपरात्री फोन आला तर तेवढाही उशीर नको वाटतो. १ एप्रिल २०२५पासून तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी व्यक्तींना आधी बांधलेली घरे विकत घ्यायला बंदी आहे, म्हणजे राहायचे ते लेकीकडे किंवा भाड्याने. मेडिकेअरबाबत आपण म्हणता ते बरोबर आहे, पण ब्रिटनशी असलेला तो परस्पर करार वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचारांपुरता आहे, सगळ्यासाठी नाही.

एक विषयांतर करतो. माझ्या सासऱ्यांचे काका दुसऱ्या महायुद्धानंतर दहा पौंडांत बोटीने इथे आले होते. तेव्हा ब्रिटिशांना आणण्यासाठी ऑस्ट्रेलियाचे सरकारच भाडे भरत असे. अर्थात त्या बोटीवर तुम्हा-आम्हाला जागा मिळाली नसती; गोऱ्यांपुरते मर्यादित ते धोरण १९७३ साली संपले.

कायमचा व्हिसा मिळाल्यावर एक गोष्ट विसरू नका. मेडिकेअरमध्ये नाव नोंदवल्यापासून १२ महिन्यांच्या आत खाजगी रुग्णालय-विमा घेतला नाही, तर नंतर वयानुसार जादा हप्ता लागतो आणि तो ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

लेस्टरच्या काकू

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळे यजमानांना वाचून दाखवले. ते ऐकून म्हणाले, "म्हणजे मी ८४ वर्षांचा झाल्यावर माझी तपासणी करून ठरवणार की मी येण्याजोगा आहे की नाही," आणि बराच वेळ हसले. मग त्यांनी स्वतःच कागद घेऊन हिशेब मांडला.

आमचे ठरले ते असे. १४३चा अर्ज येत्या महिन्यात करून तारीख लावून ठेवायची. घर विकायचे नाही. हिवाळ्यात तीन-तीन महिने पर्थला राहायचे. ब्रिटिश पारपत्रावर मिळणारा मोफत ई-व्हिजिटर एका खेपेस तेवढीच मुदत देतो, आणि लंडनहून पर्थला थेट विमान साधारण सतरा तासांचे आहे. अशा भेटींनी आम्ही ब्रिटनचेच रहिवासी राहू आणि स्टेट पेन्शनही गोठणार नाही. यजमानांचा अलॉटमेंटचा (भाजीपाल्यासाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्याचा) वाफा, ज्यात ते मेथी आणि वांगी लावतात, तोही उन्हाळ्यात हातचा राहील. यारेकाठच्या ताईंचे म्हणणे मी लेकीलाही पाठवले. तिने उत्तर दिले की तिच्या घरापासून समुद्रकिनाऱ्यावर चालणाऱ्या ज्येष्ठांच्या गटापर्यंत बस जाते, तिने वेळापत्रकही पाहिले आहे. मुलाला सांगितले तेव्हा तो पहिल्यांदाच बोलला. म्हणाला की हिवाळ्यात घरावर तो लक्ष ठेवेल.

एक उपप्रश्न राहतो. आर्थिक हमी लेकीनेच घ्यायला हवी का? तिच्या घरकर्जामुळे उत्पन्नाच्या अटीची तिला काळजी वाटते आहे.

जूनडलपकर

नाही, हमी घेणारी व्यक्ती आणि व्हिसासाठी पुरस्कृत करणारी व्यक्ती एकच असण्याची गरज नाही. उत्पन्न कमी पडत असेल तर तीन जणांपर्यंत मिळून हमी घेता येते, त्यामुळे जावईही तिच्याबरोबर नाव देऊ शकतात. ही पायरी अर्जाच्या अगदी शेवटी येते, तेव्हा आत्ता त्यासाठी काहीच करू नका. फक्त दोघींचे, म्हणजे तुमचे आणि लेकीचे, नाव व जन्मतारीख सगळ्या कागदांवर एकसारखी आहे ना, तेवढे तपासा. सासूबाईंच्या जन्मदाखल्यावरच्या एका अक्षरामुळे आमचे चार महिने गेले होते.