मदत हवी आहे: लिनक्सवर प्रोग्राममधून पोर्टवर लिहिता येत नाही (तातडीचं)

रिलेवाला: बोर्डच्या एका पिनला रिले (विजेवर चालणारा स्विच) जोडलाय. डेटाशीटमधला रजिस्टरचा (जिथे लिहिलं की पिन चालू-बंद होते त्या चिपमधल्या जागेचा) पत्ता पॉइंटरमध्ये घालून लिहायला गेलो की सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे परक्या मेमरीला हात लावल्याची चूक. रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून चालवलं तरी तेच. हाच कोड मायक्रोकंट्रोलरवर बिनबोभाट चालायचा. आज संपवायचंय, "आधी लिनक्स शिका" नको.

जुनाट: आधी आयओपर्मने पोर्टची परवानगी मागा, मग आउटबीने लिहा. पॅरलल पोर्ट (जुना प्रिंटरचा पोर्ट) असेल तर हेक्स ३७८ पासून तीन पोर्ट मागा. आउटबीत व्हॅल्यू आधी, पोर्ट नंतर. डॉसच्या बरोबर उलट.

अर्धा_बिट: पॅरलल पोर्टचं कुणी विचारलंय? बोर्ड कुठला ते तरी कळू द्या.

रिलेवाला: बीगलबोन ब्लॅक. त्याने काय फरक पडतो?

अर्धा_बिट: सगळाच. त्यावरच्या एआरएम प्रोसेसरला वेगळे आयओ पोर्ट नसतातच, रजिस्टरं मेमरीच्या पत्त्यांवरच असतात. त्यात डेटाशीटमधला पत्ता फिजिकल आणि तुमच्या प्रोग्रामचे पत्ते व्हर्च्युअल. हे पत्ते जुळवणाऱ्या एमएमयूला तुम्ही रूट आहात की कोण, याच्याशी देणंघेणं नाही. डेव्ह-मेम (फिजिकल मेमरी दाखवणारी फाइल) ओ-सिंक (कॅश टाळायचा पर्याय) लावून उघडा, एममॅपने तो पत्ता तुमच्या प्रोग्रामला जोडून घ्या, पॉइंटर व्होलाटाइल ठेवा, म्हणजे कंपायलर लिहिणं गाळणार नाही.

टिंकटिंक: मला सिरियल पोर्टवर परमिशन डिनाइड यायचं. युजर डायलआउट ग्रुपमध्ये टाकला, झालं काम.

रिलेवाला: सिरियल नाहीये हो. एममॅप इनव्हॅलिड आर्ग्युमेंट म्हणतंय. पत्ता ४८०४सी१९४.

अर्धा_बिट: पान ४०९६ बाइटचं असतं, पानाच्या मधूनच मॅपिंग सुरू करता येत नाही. ४८०४सी००० पासून मॅप करा, हेक्स १९४ नंतर मिळवा.

काठावरचा: डेव्ह-मेम कशाला शिकवता लोकांना? पिना वापरायची लायब्ररी लिबजीपीआयओडी आहे ना. फाइलींतून पिना चालवायचा जुना सिसएफएसचा मार्गसुद्धा कर्नल ४.८ पासून बाद ठरवलाय.

जुनाट: एका रिलेसाठी लायब्ररी! उद्या एलईडी लावायला डेटाबेस आणाल.

रिलेवाला: भांडण नंतर. आता "बस एरर" नावाची चूक येतेय!

अर्धा_बिट: म्हणजे मॅपिंग जमलं. जीपीआयओ१ चं (तुमच्या पिनच्या बँकेचं, म्हणजे गटाचं) क्लॉक, म्हणजे तिला चालवणारे ठोके, बंद असणार. त्या बँकेतली एकही पिन कुणी मागितलेली नसली तर कर्नल ते बंद करून ठेवतो.

काठावरचा: म्हणूनच सांगत होतो. पिन रीतसर मागितली की क्लॉक कर्नलच चालू करतो. फक्त लिबजीपीआयओडीतल्या जीपीआयओसेट कमांडच्या भरवशावर राहू नका. कमांड संपली की पिन सुटते, पुढे स्थिती टिकेलच असं नाही. प्रोग्राममध्येच लाइन (म्हणजे ती पिन) धरून ठेवा.

टिंकटिंक: रिले थेट पिनला जोडलाय का? पिन ३.३ व्होल्टची, काही मिलीअँपच देते. ट्रान्झिस्टर आणि कॉइलला उलटा डायोड लावलाय ना?

रिलेवाला: डायोड कशाला?